न्यायासनावरून उतरताना : विल्यम डग्लस

आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, राज्यशास्त्राच्या कपाटाच्या अगदी खालच्या खणात, कापडी बांधणीचे एक जुने पुस्तक आहे. ‘वुई द जजेस’ असे त्याचे नाव. पाठीवरची सोनेरी अक्षरे पुसट झाली आहेत आणि आतल्या चिठ्ठीवर परतीचा शेवटचा शिक्का १९८३ सालचा आहे. म्हणजे माझ्या आधी चाळीस वर्षे ते कोणी घरी नेले नव्हते. संविधानावरच्या ट्यूटोरियलसाठी दुसरे काही मिळाले नाही म्हणून मी ते नेले, हे प्रांजळपणे सांगून टाकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ऑर्विल डग्लस यांनी १९५५ साली कलकत्ता विद्यापीठात जी व्याख्याने दिली, त्यांचे हे पुस्तक पुढल्या वर्षी निघाले. अमेरिकेचे संविधान आणि आपले नवे, अवघ्या पाच वर्षांचे संविधान शेजारी शेजारी ठेवून त्यांनी वाचले होते. आपले तेव्हाचे सरन्यायाधीश बिजनकुमार मुखर्जी यांचे नाव त्यांनी पुस्तकाच्या उपशीर्षकातच घातले आहे.

ट्यूटोरियल झाले, सरांनी बरे गुणही दिले. पण पुस्तकाचा लेखक काही डोक्यातून जाईना. हा माणूस पुढे कसा जगला, कसा निवृत्त झाला हे शोधताना मी अशा ठिकाणी येऊन पोहोचलो, की तेथे मला एकदम आमचे आबा दिसले.

आबा म्हणजे माझे आजोबा. आमच्या तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात ते नाझर होते. नाझर म्हणजे काय हे आजच्या मित्रांना सांगावे लागते. समन्स आणि वॉरंटे ज्याच्या हाताखालून बेलिफांकडे जातात, जप्तीचा माल ज्याच्या ताब्यात राहतो, अनामत रकमांची रोजकीर्द जो लिहितो, तो नाझर. १९९४ च्या पावसाळ्यात आबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. तीन महिन्यांनी ते काठी घेऊन पुन्हा कचेरीत जाऊ लागले. त्यांच्या मते ते पूर्ण बरे झाले होते. पुढे काय झाले ते नंतर सांगतो. आधी डग्लस.

त्यांचा जन्म १८९८ च्या ऑक्टोबरात मिनेसोटा राज्यातील एका खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. दोन वर्षांचेही नसताना या मुलाला जबर आजार झाला आणि पाय लुळे पडले. आपल्या लिखाणात डग्लस यांनी तो पोलिओ असल्याचे म्हटले. पुढे एका चरित्रकाराने त्याविषयी शंका घेतली. निदान काहीही असो, पाय अशक्त होते एवढे खरे. मुलगा सहाचा होण्याआधीच वडील वारले. आईने तीन मुले घेऊन वॉशिंग्टन राज्यातील याकिमा या गावी बिऱ्हाड केले. शाळेत पोरे त्याच्या काटकुळ्या पायांना हसत. तेव्हा या मुलाने एक हट्ट धरला. गावाबाहेरच्या उघड्या टेकड्या रोज चढायच्या, पाय दुखले तरी चढायच्या. त्या टेकड्यांनी त्याला पाय दिले. पुढे सारा जन्म हा माणूस डोंगरात हिंडत राहिला. १९५१ साली तो आपल्या कुलूच्या खोऱ्यातून निघून हिमालयाच्या खिंडी ओलांडीत लडाखपर्यंत गेला आणि त्यावरही त्याने पुस्तक लिहिले. हे टेकड्यांचे प्रकरण मी मुद्दाम लांबवून सांगतो आहे, कारण शेवटच्या दिवसांत तेच त्यांना नडले असे मला वाटते.

शिक्षणाची कहाणी आपल्याकडच्या वार लावून शिकलेल्या विद्वानांच्या कहाण्यांसारखीच आहे. पडेल ते काम करीत व्हिटमन कॉलेजातून १९२० साली पदवी; दोन वर्षे याकिमाच्या शाळेत इंग्रजी आणि लॅटिनची मास्तरकी; मग १९२२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कायद्यासाठी प्रयाण, तेही काही अंतर मेंढ्यांच्या मालगाडीबरोबर. पुढे येल येथे प्राध्यापकी, मग शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाचे सदस्यत्व आणि १९३७ पासून त्याचे अध्यक्षपद. १९३९ साली ब्रँडाइस निवृत्त झाले आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या जागी डग्लस यांना नेमले. वय चाळीस. त्या न्यायालयात न्यायमूर्ती तहहयात असतात. आपल्याकडे उच्च न्यायालयात बासष्टाव्या आणि सर्वोच्च न्यायालयात पासष्टाव्या वर्षी घड्याळच माणसाला उठवते, तसे तेथे नाही. उठायचे केव्हा, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

डग्लस छत्तीस वर्षे आणि सात महिने बसले. त्या न्यायालयाच्या इतिहासात इतका काळ आजवर दुसरे कोणीही बसलेले नाही.

या छत्तीस वर्षांचा हिशेब एका लेखात मांडणे मला शक्य नाही. दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. १९६५ साली कनेक्टिकट राज्यातील एका कायद्याचा प्रश्न आला. विवाहित जोडप्यांनीसुद्धा संततिनियमनाची साधने वापरणे त्या कायद्याने गुन्हा ठरविले होते. अमेरिकेच्या संविधानात खासगीपणा हा शब्द कोठेही नाही. तरी वेगवेगळ्या कलमांच्या पोटात तो हक्क आहेच, असे बहुमताचे निकालपत्र डग्लस यांनी लिहिले. २०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा या जुन्या निकालाचीही चर्चा झाली. दुसरी गोष्ट १९७२ ची. कॅलिफोर्नियातील एका डोंगरखोऱ्यात करमणुकीचे मोठे केंद्र उभे राहणार होते. त्याविरुद्ध दाद मागणाऱ्या संस्थेला बहुमताने दारातूनच परत पाठविले. डग्लस यांनी भिन्नमत लिहिले : खोरे, नदी, झाड यांना स्वतःच्या नावाने न्यायालयात उभे राहता आले पाहिजे. तेव्हा पुष्कळ लोक हसले. आता कायद्याचे विद्यार्थी ते भिन्नमत अभ्यासतात.

पण मी त्यांची आरती ओवाळायला बसलेलो नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना केवळ वंशामुळे घराबाहेर काढण्यात आले, तेव्हा १९४४ साली त्याला मान्यता देणाऱ्या बहुमतात डग्लसही होते. पुढे त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला, पण तो पुढे. हाताखालच्या तरुण सहायकांशी ते फार कठोरपणे वागत. चार लग्ने केली. चौथे १९६६ साली, तेव्हा वय सदुसष्ट आणि वधू विशी ओलांडलेली. मुलांशी दुरावाच राहिला. एकूण, दुरून फार मोठा आणि जवळून सोसायला अवघड असा हा माणूस होता.

शत्रूही पुष्कळ. १९५३ साली रोझेनबर्ग दांपत्याच्या फाशीला त्यांनी स्थगिती दिली, म्हणून महाभियोगाची मागणी झाली. ती स्थगिती तर त्यांच्याच न्यायालयाने दोन दिवसांत उठविली. १९७० साली पुन्हा मागणी झाली. या वेळी प्रतिनिधिगृहात पुढाकार घेतला तो रिपब्लिकन पक्षाचे नेते जेराल्ड फोर्ड यांनी. चौकशी झाली, काही निघाले नाही. हे फोर्ड लक्षात ठेवावे. निक्सन पायउतार झाल्यावर १९७४ च्या ऑगस्टात हेच राष्ट्राध्यक्ष झाले, आणि डग्लस यांची जागा रिकामी झाली तर ती भरण्याचा अधिकार आता त्यांच्याच हाती आला.

१९७४ च्या ३१ डिसेंबरला बहामा बेटांवर सुटीत असताना डग्लस यांना पक्षाघात झाला. वय शहात्तर. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा, आणि डावा हात, डावा पाय निकामी. त्यांना वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात हलविण्यात आले.

येथून पुढचे दहा महिने मी दोनदा वाचले. मार्चमध्ये ते रुग्णालयाबाहेर आले, तेव्हा चाकाच्या खुर्चीत होते, आवाज क्षीण होता. वार्ताहरांना त्यांनी सांगितले, की पक्षाघाताच्या बातम्या खोट्या आहेत, आपण नुसते पडलो होतो. लुळ्या पायाने आपण फुटबॉल लांब लांब मारतो असेही सांगितले, आणि त्या मंडळींना पदयात्रेचे आमंत्रण दिले! हा खोटेपणा म्हणावा का? मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की कित्येकदा रोग्याला आपले अंग लुळे आहे याची जाणीवच राहत नाही, असे मेंदूचे वैद्य सांगतात. आणि त्यांच्या पुस्तकांत डग्लस यांचे उदाहरण आढळते. पण मला त्याबरोबर याकिमाच्या टेकड्याही दिसतात. एकदा लुळ्या पायांना ज्याने नुसत्या हट्टाने हरविले, तो दुसऱ्यांदा हार कशी मान्य करील? आठ दिवस चालून ज्याने एक कालवा वाचविला तो हा माणूस. वॉशिंग्टनजवळच्या जुन्या कालव्याकाठी मोटाररस्ता व्हावा असे एका वृत्तपत्राने १९५४ साली सुचविले, तेव्हा त्याने संपादकांना सुमारे तीनशे किलोमीटर सोबत चालण्याचे आव्हान दिले; थोडेच लोक शेवटपर्यंत टिकले, त्यांत पंचावन्न वर्षांचा हा न्यायमूर्ती होता. रस्ता झाला नाही. १९७१ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

असो. एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या पुनर्वसन संस्थेत उपचार सुरू झाले. वेदना थांबत नव्हत्या. इकडे न्यायालयात काही खटले पुढल्या सत्रात पुन्हा ऐकायचे म्हणून मागे ठेवावे लागले. त्यांत फाशीच्या शिक्षेचा एक महत्त्वाचा खटला होता. म्हणजे एका माणसाचे दुखणे त्याच्या घरापुरते राहिले नव्हते. कोठे तरी तुरुंगात माणसे वाट पाहत होती.

कोणी म्हणेल, पैशासाठी अडून बसले असतील. तसे मुळीच नव्हते. पैशाचा प्रश्न त्या देशाने फार पूर्वी सोडविला होता, आणि तो इतिहास मोठा बोधप्रद आहे. सुरुवातीला तेथे न्यायमूर्तींना पेन्शन नव्हती, तेव्हा म्हातारे, आजारी न्यायमूर्ती खुर्ची सोडीत नसत. १८६९ साली कायदा झाला, की सत्तर वर्षे वय आणि दहा वर्षे सेवा झालेल्याने राजीनामा दिल्यास मरेपर्यंत पूर्ण पगार. त्याच सुमारास न्यायमूर्ती ग्रिअर यांना सहकाऱ्यांनी भेटून निवृत्तीची विनंती केली आणि त्यांनी ती मानली. पण कायद्यात फट होतीच. वॉर्ड हंट नावाच्या न्यायमूर्तींना १८७९ साली पक्षाघात झाला, तेव्हा त्यांची दहा वर्षेही झाली नव्हती आणि सत्तरीही आली नव्हती. राजीनामा दिला तर हाती काहीच नाही. तीन वर्षे ते काम न करता पदावर राहिले. अखेर १८८२ साली त्यांच्या एकट्यासाठी काँग्रेसने कायदा केला : तीस दिवसांत पद सोडाल तर पेन्शन मिळेल. त्यांनी लगेच सोडले. १९१० साली न्यायमूर्ती मूडी यांच्यासाठी असाच खास कायदा करावा लागला. पुढे कायमच्या असमर्थतेसाठी सर्वसाधारण तरतूद आली. त्या न्यायाधीशाने आपली असमर्थता स्वतः लेखी कळवायची. दहा वर्षे सेवा असेल तर पूर्ण पगार, कमी असेल तर अर्धा.

स्वतः कळवायची! सगळी ग्यानबाची मेख येथेच आहे. ज्याला आपण असमर्थ आहोत असे वाटतच नाही, त्याने कळवायचे तरी काय?

आपल्याकडेही उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी १९५४ चा आणि सर्वोच्च न्यायालयासाठी १९५८ चा कायदा आहे. प्रकृतीमुळे निवृत्ती आवश्यक असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र असले, तर सेवेची ठराविक वर्षे भरली नसतानाही पेन्शन मिळते. आणि जो उठतच नाही त्याच्यासाठी संविधानात संसदेचा मार्ग आहे. गैरवर्तन किंवा असमर्थता सिद्ध झाली पाहिजे. असमर्थतेच्या कारणावरून आजवर एकाही न्यायमूर्तीला संसदेने दूर केलेले नाही. वयाची मर्यादा आहे म्हणून आपले निभावते, असे मला वाटते.

१९७५ च्या ऑक्टोबरात नवे सत्र सुरू झाले. डग्लस चाकाच्या खुर्चीतून आले. सुनावणी चालू असताना त्यांचा डोळा लागे. कधी वेदना असह्य होऊन त्यांना मध्येच बाहेर न्यावे लागे. तेव्हा उरलेल्या आठांपैकी सात न्यायमूर्तींनी आपापसांत ठरविले, की ज्या खटल्याचा निकाल केवळ डग्लस यांच्या मतावर फिरेल, तो निकाल द्यायचाच नाही. आठवे बायरन व्हाइट. त्यांनी सरन्यायाधीश बर्गर यांना पत्र लिहून तीव्र हरकत घेतली. एखाद्या न्यायमूर्तीचे मत काढून घेण्याचा अधिकार संविधानाने सहकाऱ्यांना दिलेलाच नाही. तो माणूस असमर्थ असेल तर काँग्रेसने महाभियोग चालवावा, असा त्यांचा मुद्दा होता. हे व्हाइट डग्लस यांचे मित्र नव्हेत. दोघांची मते बहुधा जुळत नसत. मी पुष्कळ विचार केला आणि मला वाटते, कायद्याने व्हाइट यांचेच बरोबर होते. आणि तरीही त्या सातांच्या जागी मी असतो तर मीही सहीच केली असती. आमच्या वर्गात यावर चर्चा झाली तेव्हा मत दुभंगले, आणि सरांनी निर्णय देण्याचे टाळले!

जुने मित्र समजावीत होते. त्यांत एब फोर्टास होते. येलचे त्यांचे विद्यार्थी, आणि १९६९ साली त्याच न्यायालयातून राजीनामा देऊन बाहेर पडलेले. फोर्ड माझ्या जागी माणूस नेमणार, ही कल्पना डग्लस यांना सोसवत नव्हती असे तेव्हा सर्वत्र बोलले जाई. पण शरीर ऐकेना. १२ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यांनी निवृत्तीचे पत्र पाठविले. कोणाला, तर राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना.

एवढ्यावर संपते तर बरे झाले असते. निवृत्तीनंतरही ते न्यायालयात येत राहिले. आपण पद सोडण्यापूर्वी ज्या खटल्यांशी आपला संबंध आला त्यांत आपले मत नोंदविता येईल, अशी त्यांची समजूत होती. निवडणूक खर्चाच्या मोठ्या खटल्याची सुनावणी त्यांच्या निवृत्तीच्या दोन दिवस आधी झाली होती. त्यात त्यांनी मत लिहून काढले. आता जागेवर जॉन पॉल स्टीव्हन्स आले होते. नऊ खुर्च्या आणि दहा न्यायमूर्ती! अखेर सर्वांनी सह्या करून त्यांना पत्र लिहिले, की हे आता करता येणार नाही. त्या पत्राच्या खाली ज्यांनी सही केली, त्यांचे हात जड झाले नसतील का?

१९ जानेवारी १९८० रोजी ते वारले. वय एक्याऐंशी. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांची समाधी आहे. कालव्याकाठचे ते उद्यान १९७७ सालीच त्यांच्या नावे अर्पण झाले होते.

स्टीव्हन्स यांचे एक सांगायचे राहिले. तेही चौतीस वर्षे बसले, नव्वदीला पोहोचले. आपण घसरू लागलो तर आपल्याला सांगा, असे त्यांनी सहकारी न्यायमूर्ती सूटर यांना सांगून ठेवले होते. सूटर त्यांच्या आधीच, २००९ साली निवृत्त झाले. २०१० च्या जानेवारीत भर न्यायालयात भिन्नमत वाचताना स्टीव्हन्स यांची जीभ अडखळली. ते डॉक्टरांकडे गेले, सौम्य झटका येऊन गेल्याचे कळले, आणि त्यांनी निवृत्त व्हायचे ठरविले.

आबांकडे परत येतो. पुढली हकीकत मी आजीकडून ऐकली आहे. तीन महिन्यांनी आबा कामावर गेले, पण रोजकीर्दीतले आकडे जुळेनात. शेजारच्या टेबलावरचे कारकून संध्याकाळी थांबून गुपचूप सारे दुरुस्त करीत. पट्टेवाला जिन्यात हात धरी. साहेबांना कळत होते, पण सत्तावीस वर्षे नोकरी केलेल्या नाझराला कसे सांगावे म्हणून तेही गप्प. सगळेच आबांवर माया करीत होते आणि कोणीही बोलत नव्हते. एकदा एका विधवा बाईची अनामत रक्कम भलत्याच नावापुढे लिहिली गेली. तिला चार हेलपाटे पडले. शेवटच्या खेपेला ती आमच्या घरी आली. आबा देवळात गेले होते. आजीने तिला चहा दिला आणि सारे ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने डबा भरला नाही. आबा काठी घेऊन निघाले तेव्हा ती दारात उभी राहिली आणि ती बाई आली होती एवढेच म्हणाली. आबा बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. त्या दिवशी ते गेले नाहीत.

पुढे वैद्यकीय मंडळ, प्रमाणपत्र आणि रुग्णता निवृत्तिवेतन. अपंग झालेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, झेपेल असे दुसरे काम त्याच पगारावर द्यावे, असा कायदा १९९५ साली झाला आणि १९९६ च्या फेब्रुवारीत लागू झाला. तोवर आबांची पेन्शन सुरू झालेली होती. त्यांना आवक-जावकाचे टेबल सहज जमले असते असे माझे वडील अजूनही म्हणतात. आजी म्हणते, नसते जमले.

पेन्शनच्या कागदांवर सही जुळेना. उजवा हात चालत नव्हता, आणि डाव्या हाताची सही निराळी दिसे. तेव्हा समोरच्या माणसाने शाईची डबी पुढे सरकविली. सत्तावीस वर्षे पक्षकारांचे अंगठे घेतलेल्या आबांनी आपला डावा अंगठा पुढे केला. शाई जास्त लागली आहे, आधी कागदाला टिपून घ्या, असे त्यांनीच त्या माणसाला सांगितले म्हणे.